करण आणि कर्ता

दर्यापुरात एखाद्याच्या हाती छायाचित्राची चांगली उतरलेली प्रत दिली, म्हणजे तो ती आधी हातभर दूर धरून न्याहाळतो, मग चष्म्याजवळ आणतो आणि शेवटी हमखास विचारतो, “कोन्त्या कॅमेऱ्यानं काढला जी हा फोटू?” या प्रश्नाने पुष्कळ छायाचित्रकार दुखावतात, चित्र यंत्र काढीत नाही, माणूस काढतो, असे ते काहीशा तिखटपणे ऐकवितात. मला हा प्रश्न नेहमीच आदरणीय वाटत आला आहे, कारण विचारणाऱ्याच्या ध्यानीमनी नसताना त्यातून अध्यात्मशास्त्रातला एक फार जुना वाद डोके वर काढतो. कर्म घडले असता त्याचा कर्ता कोण, त्यात साधनाचा हिस्सा किती, आणि ‘हे मी केले’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो, हा तो वाद होय. ज्याची उमर तहसील कचेरीच्या दप्तरात गेली, त्याला हक्काचे प्रश्न परके नसतात: जमीन कोणाच्या नावावर आहे, कोणाच्या कब्जात आहे आणि प्रत्यक्ष वाहतो कोण, या तीन निराळ्या बाबी असून त्या एकाच इसमाच्या ठायी एकवटतीलच असा नियम नाही, हे त्याने रोजच्या रोज पाहिलेले असते. हौशी छायाचित्रकार म्हणून जो काळ मी या कलेच्या सहवासात घालविला, त्यात तंत्रापेक्षा अधिक मनन माझ्याकडून या एकाच प्रश्नाचे झाले, आणि त्या मननाची हकीकत येथे मांडण्याचा मानस आहे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात या वादाचा निवाडा आढळतो. माणूस शरीराने, वाचेने वा मनाने जे जे कर्म करतो, मग ते न्याय्य असो की विपरीत, ते सिद्धीस जाण्यासाठी पाच कारणे एकत्र यावी लागतात, असे तेथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. आणि लगेच पुढे असा इशारा आहे की, कर्माची घडण अशी पंचविध असता जो केवळ आत्म्यालाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी संस्कारहीन असल्यामुळे त्याला खरे दिसतच नाही. डोळे उघडे ठेवून हिंडणे हाच ज्याचा छंद, त्याला ‘तुला दिसत नाही’ असे स्वच्छ सांगणारे हे वचन विसरता येण्याजोगे नाही. शंकराचार्य भाष्यात अधिष्ठान म्हणजे देह, करणे म्हणजे इंद्रिये असा अर्थ करतात, आणि पाचव्या कारणाच्या जागी त्या त्या इंद्रियावर अनुग्रह करणाऱ्या देवता बसवितात. त्यांत नेत्राची देवता आदित्य. ज्ञानेश्वरांनीही याच स्थळी या देवतांचा विस्तार केला आहे. एरवी ज्याला आपण नशीब म्हणून एका शब्दात निकालात काढतो, त्या ठिकाणी आचार्यांनी सूर्याला आणून उभे केले, हे प्रथम वाचले तेव्हा मला वाटले की, हे भाष्य छायाचित्रकारांनी इतर कोणाहीपेक्षा अधिक बारकाईने वाचले पाहिजे.

वऱ्हाडच्या माणसाला सूर्याचा हा वाटा पटवून द्यावा लागत नाही. चंद्रभागेच्या काठचे आमचे गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात वसलेले. विहिरींचे पाणी मचूळ, जमीन काळी आणि खोल, झाडी विरळ, आणि सपाटी अशी की, पावसाने धुतलेल्या हवेत उत्तरेस गाविलगडच्या डोंगरांची निळी रेघ उमटली तरच क्षितिजाला काही उंची आहे असे वाटावे. अशा मुलखात प्रकाशाला आडोसा नाही. वैशाखात सकाळचा पहिला प्रहर सरला की ऊन पांढरे होते, सावल्या माणसांच्या पायांशी गोळा होतात, चेहऱ्यावर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, आणि कितीही मोलाचे भिंग असले तरी त्या वेळी त्याचा इलाज चालत नाही. याच उन्हाने मला छायाचित्राचे पहिले मर्मही दाखविले. टिनाच्या छपराच्या घरात खिळ्यांच्या भोकांतून भुईवर कवडसे पडतात. भोक वेडेवाकडे असो, फाटलेले असो, छप्पर पुरेसे उंच असेल तर कवडसा गोलच पडतो, कारण तो भोकाचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, दिवाळीच्या अवसेला, सकाळी सूर्यग्रहण लागले, तेव्हा आमच्या ओसरीवरचे यच्चयावत कवडसे एकदम चंद्रकोरीसारखे झाले. वेदान्ती ज्या एका सूर्याची अनेक घटांतील प्रतिबिंबे वर्णितात, त्याची ही भुईवर मांडलेली साक्ष होती. तेथे भिंग नव्हते, हेतू नव्हता, कोणी काढणाराही नव्हता, तरी चित्र होते, आणि ते निर्दोष होते. चित्र उमटणे ही सृष्टीची नित्याची क्रिया आहे, माणसाच्या आधीपासून चालत आलेली. माणूस तीत भर घालतो ती निवडण्याची आणि राखून ठेवण्याची. छायाचित्रकाराच्या कर्तृत्वाचा दावा जर कोठे टिकणार असेल, तर तो एवढ्याच चतुःसीमेत टिकेल.

आता करणांविषयी, म्हणजे साधनांविषयी. माझा पहिला कॅमेरा बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा होता. एका रिळात बारा चौकोनी चित्रे, आणि प्रकाशाचा अंदाज करण्यासाठी ऊन व ढग अशा दोनच खुणा. यंत्राच्या अंगी फारसे काही नसल्यामुळे उरलेला सगळा भार सूर्यावर आणि माझ्या पायांवर पडे: जवळ जायचे तर चालतच जावे लागे, आणि उजेड हवा तर त्याची वाट पाहावी लागे. पुढे यंत्रे सुधारली, भिंगे आली, आणि आता तर निवडीला अंतच उरला नाही. या क्षेत्रातले जाणते लोक नवशिक्याला ‘साधन गौण आहे, दृष्टी मुख्य’ असा उपदेश करतात. तो सद्हेतूचा असला तरी मला तो खरा वाटत नाही. ज्या गीतेने कर्त्याचा अहंकार इतक्या कठोरपणे खोडून काढला, तिने करणांना मात्र कारणांच्या यादीतून वगळलेले नाही. कर्त्याच्या पंक्तीलाच बसविले आहे. शिवाय दीर्घकाळ हाताळलेले साधन बाहेर राहत नाही. एकाच भिंगाने वर्षानुवर्षे पाहणाऱ्याला कॅमेरा घरी असतानाही जग त्या भिंगाच्या चौकटीतून दिसू लागते. करण कर्त्याच्या आत वस्तीला येते. म्हणूनच साधनाची निवड हा माझ्या मते चैनीचा विषय नसून शीलाचा विषय आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात अपरिग्रहाचे विवरण करताना वस्तू मिळविणे, राखणे, तिचा क्षय होणे, तिच्यात गुंतणे आणि तिच्यापायी हिंसा घडणे असे पाच दोष दाखविले आहेत. पावसाळ्यात भिंगाच्या आत बुरशीचे पांढरे जाळे धरलेले ज्याने पाहिले, आणि हातातल्या कॅमेऱ्यापेक्षा दुकानातल्या कॅमेऱ्याचे चिंतन ज्याच्या मनात अधिक काळ चालले, त्याला यांतले पहिले चार दोष शिकवावे लागत नाहीत. पाचव्याविषयी पुढे बोलेन.

करणाचा एक दोष मात्र असा आहे की, तो काळ्या मातीच्या देशात जितका ठळक दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसत असेल. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक हा समोरून परत येणाऱ्या उजेडाचे माप घेतो, पण ती वस्तू काळी आहे की गोरी, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून त्याची रचनाच अशा गृहीतावर केलेली असते की, समोरचे जग एकंदरीत मध्यम करड्या रंगाचे आहे, सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठविणारे. आता ज्येष्ठात वखरून ठेवलेल्या रानासमोर उभे राहावे आणि चौकटभर काळी घ्यावी. मापक म्हणतो, उजेड अपुरा आहे, वाढवा. त्याचे ऐकले की चित्रात माती राखेसारखी उतरते. तोच मापक दिवाळीनंतर कापसाच्या गंजीसमोर धरावा. तो म्हणतो, उजेड फार झाला, आवरा. आणि पांढरीशुभ्र रुई मळकट होते. काळे असेल तेथे यंत्र सांगेल त्याहून कमी द्यायचे, पांढरे असेल तेथे अधिक द्यायचे: साध्या समजुतीच्या अगदी उलट वाटणारा हा नियम शिकणे म्हणजेच अर्धे शिक्षण होय. मीमांसकांनी ज्ञानाच्या प्रामाण्याविषयी जो सिद्धान्त मांडला, त्याची सत्यता मला येथे प्रत्ययास आली. कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. ते खोटे ठरते केव्हा, तर करणात दोष असल्याचे उमगते तेव्हा, अथवा त्याला बाधित करणारे दुसरे ज्ञान उभे राहते तेव्हा. मापकाचे म्हणणे जन्मभर खरे मानून चालणारे छायाचित्रकार असतात, आणि त्यांच्या चित्रांत वऱ्हाडची माती कोठेच काळी दिसत नाही. ज्याने ती माती तळव्याला चिकटलेली अनुभवली आहे, त्याच्याच जवळ बाधक ज्ञान असते. यंत्र सरासरी जाणते. विशेष जाणण्याचे काम कर्त्यावर सोपविलेले आहे, आणि ते त्याने केले नाही तर पाच कारणांपैकी एक गैरहजर आहे असेच समजावे.

पण तो जाणणारा म्हणजे डोळा, असेही मानण्याचे कारण नाही. रूप हे दृश्य आणि डोळा द्रष्टा. डोळा दृश्य आणि मन द्रष्टे. मनाच्या वृत्ती दृश्य आणि साक्षी द्रष्टा, अशी पायरीपायरीने मागे जाणारी विचारसरणी आपल्याकडे प्रसिद्धच आहे. तिचे प्रमाण आमच्या अमरावती जिल्ह्यानेच दिले. १८८१ साली जन्मलेल्या आणि माधान येथे वाढलेल्या गुलाबराव महाराजांची दृष्टी अवघ्या काही महिन्यांच्या वयात गेली. १९१५ साली, पस्तिशी गाठण्यापूर्वी, त्यांचा देह पडला. आणि एवढ्या अवधीत त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन, स्वतः सांगून, मधुराद्वैताची मांडणी करणारी प्रचंड ग्रंथरचना केली. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत. ज्या करणावर माझी सारी कला उभी आहे, ते करणच ज्याला नव्हते, त्याला जे दिसले त्याचा शतांशही मला दिसत नाही, हा विचार मी भिंग पुसताना मनात वागवीत आलो आहे.

शिक्षणाचे खरे स्थान मात्र माझ्यासाठी अंधारखोलीच ठरले. ज्या वृद्ध गृहस्थांच्या स्टुडिओत मी हे काम शिकलो, त्यांनी कॅमेऱ्याला हात लावू देण्यापूर्वी मला पुष्कळ काळ केवळ प्रती धुण्याच्या कामावर ठेवले. रसायनांतून काढलेल्या कागदात हायपो या स्थिरीकरणाच्या द्रव्याचा अंश राहिला तर चित्र त्या वर्षी बिघडत नाही. काही वर्षांनी पिवळे पडते, आणि तेव्हा गिऱ्हाइकाला, कदाचित गिऱ्हाइकाच्या मुलाला, दोष दिसतो. ज्याचे फळ आपल्या हयातीत कोणी तपासणार नाही असे काम चोख करणे हा त्यांच्या शाळेचा पहिला धडा होता. खाऱ्या पाण्यात हायपो गोड्या पाण्यापेक्षा लवकर सुटतो, ही गोष्ट छायाचित्रणाच्या पुस्तकांत समुद्राच्या पाण्यासंबंधाने नमूद आहे. आमच्या विहिरीच्या ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते पाणी या कामाला अनुकूल पडे, आणि शेवटची धुवण तेवढी साठवून ठेवलेल्या गोड्या पाण्याने करावी लागे, नाहीतर वाळताना क्षाराचे ठिपके उठत. जी गोष्ट गावाचे दुर्दैव म्हणून जन्मापासून ऐकली होती, तिचाही एक उपयोग आहे हे मी तेथे शिकलो.

त्या लाल उजेडात जो चमत्कार रोज घडे, तो पूर्वमीमांसेतील एका अवघड कल्पनेचे चालते उदाहरण होता, हे मला फार पुढे, शास्त्राचे थोडे वाचन झाल्यावर कळले. यज्ञ आज होतो आणि स्वर्गफल कालांतराने मिळते. मध्यंतरी यज्ञक्रिया तर संपून गेलेली असते. मग नष्ट झालेल्या कारणापासून कार्य कसे उत्पन्न व्हावे? या शंकेला मीमांसकांनी असे उत्तर दिले की, क्रिया संपताना ती अपूर्व नावाची एक अदृश्य शक्ती मागे ठेवते, आणि तीच पुढे फलाला कारण होते. प्रतिपक्षाने या अपूर्वाची कल्पनेत भर घातलेली वस्तू म्हणून संभावना केली. आता फिल्मचा विचार करावा. जिलेटिनच्या थरात रौप्यलवणाचे असंख्य सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. झडप क्षणभर उघडून मिटते, प्रकाश येऊन जातो, क्रिया संपते, आणि फिल्मवर काहीही दिसत नाही; साध्या डोळ्याला नाही, सूक्ष्मदर्शकालाही नाही. परंतु ज्या स्फटिकांना प्रकाशाचा स्पर्श झाला, त्यांच्या अंगी चांदीच्या मोजक्या अणूंचा एक कण जमलेला असतो. तशीच अंधारात राखली तर ही सुप्त प्रतिमा महिनोन्‌महिने थांबते. पुढे विकासक द्रावणात पडताच तो कण ज्याच्या ठायी आहे तेवढाच स्फटिक सबंध चांदीचा होतो, उरलेले तसेच राहतात, आणि जे केव्हाच घडून गेले ते आता दिसू लागते. द्रावणाखाली कोऱ्या कागदावर आधी काळे केस, मग भुवया, मग हळूहळू सारा चेहरा वर येताना ज्याने पाहिला आहे, त्याला अपूर्व ही कविकल्पना वाटणार नाही. माझ्या बाबतीत तर असे झाले की, कर्माची न दिसणारी शिल्लक कोठेतरी जमा राहते, यावर तोवर केवळ घरच्या वळणाने असलेली माझी श्रद्धा त्या खोलीत साधार झाली. दृष्टान्त म्हणजे सिद्धान्त नव्हे, हे मी जाणतो. रसायनशास्त्राने मीमांसा सिद्ध होत नाही. परंतु जे दिसत नाही ते नाही, हा आक्षेप तरी त्या लाल दिव्याखाली टिकत नाही.

आणखी एक गोष्ट त्या खोलीने शिकविली. प्रकाशाने चित्र उमटते, तसेच प्रकाशानेच ते नष्टही होते. न वापरलेले रौप्यलवण काढून टाकले नाही, तर उजेडात नेताच सारा कागद काळा पडत जातो. हायपोमध्ये ते लवण विरघळते, हे जॉन हर्शेलने १८१९ सालीच नोंदवून ठेवले होते, आणि १८३९ मध्ये छायाचित्रणाला त्याचा उपयोग झाला. मधली वीस वर्षे उत्तर तयार होते आणि प्रश्न यायचा होता. चित्र टिकते ते जे मिळाले त्यामुळे जितके, तितकेच जे वेळेवर काढून टाकले त्यामुळे.

काळासंबंधी तर या यंत्राची साक्ष दुटप्पी वाटावी अशी आहे. एक सहस्रांश सेकंदाची झडप उघडली, तर हिवाळ्यात चंद्रभागेच्या धारेत उडालेला थेंब हवेत मण्यासारखा थांबतो. जणू जग हे परस्परांशी असंबद्ध क्षणांचे बनले असून प्रवाह हा भास आहे, असे बौद्धांच्या क्षणिकवादाच्या बाजूने यंत्र शपथेवर सांगते. आणि तेच यंत्र तिकाटण्यावर ठेवून लासूरच्या आनंदेश्वर मंदिरात, काळ्या पाषाणाच्या त्या यादवकालीन मंडपाच्या अंधुक उजेडात, झडप अर्धा मिनिट उघडी ठेवावी, तर दर्शनाला येणारीजाणारी माणसे चित्रात उतरतच नाहीत. दगड राहतो, खांबांवरची नक्षी राहते, चालती माणसे पुसली जातात. दागेर याने १८३८ साली पॅरिसच्या एका रस्त्याचे जे चित्र घेतले, त्यातही रहदारी सगळी नाहीशी झाली आणि जोड्यांना पॉलिश करवून घेत उभा राहिलेला एक मनुष्य तेवढा उमटला, कारण तो थांबला होता. नित्य तेवढे सत्य, चंचल ते मिथ्या, या वेदान्तमताची ही प्रात्यक्षिके वाटतात. परंतु मला या दुसऱ्या चित्राने समाधान होत नाही. पुसली गेलेली माणसेच तर जिवंत होती. त्यांच्या ओल्या पावलांवाचून त्या पाषाणाला देवपण कोठून येणार? दोन्ही साक्षी खऱ्या आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. छायाचित्रकार झडपेचा काळ ठरवितो तेव्हा तो नकळत एका दर्शनाची निवड करीत असतो, आणि हिशेब केला तर असे दिसते की, सेकंदाच्या सव्वाशेव्या हिश्श्याच्या झडपेने काढलेली १२५ चित्रे मिळून एक सेकंद होतो, ७,५०० चित्रे मिळून एक मिनिट. जन्मभराच्या चित्रसंग्रहात असे काही मिनिटांचे आयुष्य साठते. एवढ्या तुटपुंज्या मुद्दलावर सत्य सांगितल्याचा दावा करणाऱ्याने नम्र असावे, हे उघड आहे.

सर्वांत अवघड प्रश्न साक्षित्वाचा. मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे रूपक आहे. एक फळ खातो, दुसरा न खाता केवळ पाहतो. छायाचित्रकाराची स्वतःविषयी समजूत अशी असते की, तो दुसरा पक्षी आहे. मी प्रत्यक्ष पाहिले आहे ते वेगळेच. डोळ्याला कॅमेरा लागताच पाहणाऱ्याच्या मनात एक भूक जागी होते; समोरचा म्हातारा, त्याच्या सुरकुत्या, त्याचा पटका, त्याचे दुःख, ही सगळी त्या भुकेची अन्ने होतात. अपरिग्रहाच्या विवेचनातला तो पाचवा दोष, हिंसेचा, येथे शिरतो. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते, आणि तेथे गेले की हा प्रश्न मला टाळता येत नाही, कारण ते गाडगे महाराजांचे क्षेत्र आहे. शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर देह पडला. मधल्या काळात ज्या माणसाने धर्मशाळा, घाट, शाळा उभ्या करविल्या, त्याच्या स्वतःच्या मालमत्तेचा पंचनामा केला असता, तर मातीचे गाडगे, खराटा आणि चिंध्यांचे वस्त्र यांपलीकडे कागदावर काही आले नसते. पायांना हात लावू न देणारे, आपला कोणी शिष्य नाही आणि आपण कोणाचे गुरू नाही असे सांगणारे बाबा या यात्रेत येत, आणि त्यांची नजर घाणीवर पडली की त्यांचा हात खराट्याकडे जाई. निसरड्या काठावर स्नानाला येणाऱ्यांचे हाल दिसले, तेव्हा त्यांनी तेथे घाट बांधविला. पाहणे आणि करणे यांच्यामध्ये त्यांच्याजवळ झडप नव्हती. माझ्या पाहण्यात मात्र ती आहे, आणि तिच्या अल्याड मी सुरक्षित उभा असतो.

यावर माझ्या एका वार्ताहर स्नेह्याचे म्हणणे असे असते की, तो सुरक्षितपणाच उपयोगी पडतो. पिकाच्या नासाडीचे चित्र निघाले नाही तर मुंबईच्या दप्तराला ती नासाडी झाल्याचे कळतच नाही. त्यांचे म्हणणे मला नाकारता येत नाही. तरीही ज्या घरातला कर्ता पुरुष कर्जापायी गेला, त्या घराच्या ओट्यावर मी कॅमेरा कधी नेला नाही आणि नेणार नाही. तेथे आधी बसावे लागते, त्या माउलीच्या पुढ्यातला चहा नको म्हणून चालत नाही, आणि त्यानंतर चित्र काढण्याची इच्छाच राहत नाही. ती इच्छा न राहणे हे मी अनुभवाने शिकलेल्या गोष्टींपैकी सर्वांत मोलाचे मानतो, मग त्यामुळे जगात एक चित्र कमी झाले तरी चालेल.

अलीकडे मात्र एका निराळ्याच छायाचित्राने माझ्या जुन्या प्रश्नाला नवी बाजू आणली आहे. २०२१ पासून महाराष्ट्र सरकारने ई-पीक पाहणी सुरू केली. पूर्वी तलाठी गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद करीत असे, आता शेतकऱ्याने स्वतः आपल्या रानात उभे राहून, मोबाईलवर पिकाचे छायाचित्र घेऊन, ती नोंद करायची. सबंध राज्यात आजवर हातात कॅमेरा न धरलेली माणसे बांधावर उभी राहून आपल्या पऱ्हाटीचे, तुरीचे, मुगाचे चित्र काढतात. अधिष्ठान तेच, करण खिशातले, चेष्टा थोडीशी, सूर्य डोक्यावर. पाचही कारणे हजर असतात, आणि चित्र काढणाऱ्याच्या मनात आपण चित्र काढल्याचा अभिमान नावालाही नसतो. फळाची अपेक्षा मात्र पुरती असते, आणि ती असलीच पाहिजे, कारण विमा आणि नुकसानभरपाई त्याच नोंदीवर अवलंबून. माझ्या चित्रांत फळाची अपेक्षा काही नसते, पण कर्तेपण कोठेतरी चिकटलेले असतेच. गीतेच्या कसोटीवर हे दोन्ही सदोष. यांतला कोणता दोष लवकर धुतला जातो, यावर माझे मत अद्याप कायम झालेले नाही.

श्रावण-भाद्रपदात पऱ्हाटी कमरेला लागली की शेजारच्या रानांतून मला बोलावणे येते. मी जातो, आणि हे काम मला माझ्या कोणत्याही चित्राइतकेच महत्त्वाचे वाटते. परवा एक तरुण शेतकरी धुऱ्यावर मोबाईल धरून उभा होता. “काकाजी, पऱ्हाटी काळीच येऊन राह्यली जी,” असे तो म्हणाला, आणि तो उगवतीकडे तोंड करून उभा होता. मी म्हटले, “फिरून उभा राय बापू, सूर्य पाठीशी घे.” तो फिरला, त्याने पडद्यावर पाहिले, पीक हिरवे दिसते आहे याची खात्री केली, आणि गट क्रमांक भरू लागला.